बडोद्याला कामासाठी येताय? रविवार जोडून घ्या

आज बडोद्याच्या मकरपुरा भागातली कामं आटोपली, चर्चमधली उपासना आणि सहभागिता (विश्वासू लोकांसोबतचा सहवास) काल मनासारखी झाली. कामानिमित्त येणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना कळकळीने सांगावंसं वाटतं: मीटिंग सोमवारी असेल तर शनिवारीच या. सोमवारी लक्ष्मी विलास पॅलेस बंद असतो आणि त्याच आवारातलं फत्तेसिंह संग्रहालयही. राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत. घाईत उरकण्यासारखी नाहीत ती, निदान तासभर ठेवा. वेळ उरला तर कीर्तिमंदिरातली (गायकवाड घराण्याचं स्मारक) नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं.

मुक्काम सयाजीगंजात करा. स्टेशन, कमाटीबाग आणि फतेहगंजची चर्चेस तिथून जवळ पडतात. मकरपुऱ्यात उतरलात तर शहराच्या दुसऱ्या टोकाहून रिक्षा करावी लागते आणि उपासनेला हमखास उशीर होतो.

शनिवारीच चर्चच्या पाळकांना फोन करून वेळ, भाषा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) आहे का ते विचारा. आपल्या मंडळीचं (चर्चचं) नावही सांगा, लोक आपुलकीने वाट पाहतात. गुजराती उपासनेची धास्ती नको. च, ज, झ, फ, ब एवढी अक्षरं आदल्या रात्री डोळ्यांखालून घाला, बाकीची बहुतेक ओळखू येतात. फलकावर ‘गीतशास्त्र २३’ दिसलं की आपल्या मराठी बायबलमध्ये स्तोत्रसंहिता २३ उघडायची. योहान, लूक ही नावं तीच.

आणि परतीचं तिकीट रविवारी दुपारचं काढू नका. उपासनेनंतर कुणीतरी जेवायला नेतंच, आणि खऱ्या गप्पा, एकमेकांसाठी प्रार्थना तिथेच होतात.