तुम्ही विचारलंत म्हणून: तेजसला एवढी वर्षं का लागली?

मला विमानांचं वेड आहे हे ओळखीच्यांना माहितीये, त्यामुळे कुठेही भेटले की प्रश्न ठरलेला, "काय हो, ते आपलं स्वदेशी लढाऊ विमान तेजस १९८३ पासून बनवतायत म्हणे, अजून होत कसं नाही?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे विमान झालंय हो. ४ जानेवारी २००१ ला उडालं, २०१६ मध्ये हवाई दलात त्याची पहिली स्क्वाड्रन (तुकडी) उभी राहिली. घोडं अडलंय ते इंजिनापाशी, आणि हे दुखणं तेजसच्याही आधीचं आहे. १९६१ मध्ये उडालेलं मारुत हे लढाऊ विमान बघा, कुर्ट टँकसारखा जर्मन डिझायनर आणून एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवलेलं, दिसायला देखणं, पण ज्या ताकदीचं इंजिन धरून ते आखलं होतं ते शेवटपर्यंत मिळालंच नाही. मग छोट्या ऑर्फियस इंजिनांवर भागवलं आणि सुपरसॉनिक व्हायला जन्मलेलं विमान आयुष्यभर आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्यावरच घुटमळलं.

तेजसमध्ये आपलं स्वदेशी इंजिन कावेरी बसायचं होतं. ८१ किलोन्यूटन जोराचं (थ्रस्टचं) लक्ष्य होतं, प्रत्यक्षात सत्तरीच्या आसपास अडकलं, वर वजन जास्त, शेवटी २००८ मध्ये तेजसपासून वेगळं केलं. लोक म्हणतात रॉकेट जमतं मग इंजिन का नाही जमत. अहो, रॉकेटचं इंजिन काही मिनिटं जळतं आणि काम संपतं, इथे हजारो तास चालवायचंय! टर्बाइनच्या ब्लेडवरून जाणारा गॅस त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही जास्त तापलेला असतो, म्हणून ब्लेड आतून पोकळ करून त्यात हवा खेळवायची आणि अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं ओतायचं. ही विद्या कोणी पैसे देऊनही सहज शिकवत नाही. (आपल्याकडे डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ब्लेड केलीत, पण फायटरचं गणित अजून अवघड.)

बाकी जे जमलं त्याचं मात्र कौतुक कोणी करत नाही याचा मला राग येतो. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलंय, म्हणजे ते चटकन वळतं, पण कॉम्प्युटर क्षणाक्षणाला सावरत नसेल तर पायलटच्या हातात राहणारच नाही. कॉम्प्युटरमार्फत विमान सांभाळायच्या या पद्धतीला फ्लाय बाय वायर म्हणतात, आणि त्या कॉम्प्युटरने कसं सावरायचं याचे नियम, म्हणजे कंट्रोल लॉ, तपासायला आपली माणसं अमेरिकेत होती, १९९८ ला पोखरण झालं आणि त्यांना तिथून परत पाठवलं. उरलेलं काम बंगळुरूत बसून केलं, आणि तीन वर्षांच्या आत विमान हवेत!

उशिराला दुसरंही कारण आहे, ऑर्डर. २००६ मध्ये २०, २०१० मध्ये आणखी २०. एवढ्यावर कुठला सप्लायर मशिनरी वाढवेल? हवाई दलाचंही चुकलं म्हणवत नाही, त्यांना हातात तयार विमान हवं होतं आणि मिळत होत्या तारखा. मोठी ऑर्डर आली २०२१ मध्ये, तेजसच्या सुधारित आवृत्तीची, ८३ मार्क-१ए, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अजून ९७. त्याच महिन्यात मिग-२१ निवृत्त झालं आणि ४२ स्क्वाड्रन मंजूर असताना हातात २९ उरल्या.

आणि परत इंजिन! कावेरी नाही म्हणून तेजस जीई या अमेरिकन कंपनीच्या एफ-४०४ इंजिनावर उडतं. २०२१ मध्ये त्यांना अशी ९९ इंजिनं सांगितली, त्यांची ती लाईन बंद पडलेली, ती परत सुरू करून पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. सगळं खापर जीईवर फोडू नका मात्र, रडार आणि मिसाइल जुळवायचं कामही रेंगाळलंच होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या ओझरला बनलेलं पहिलं मार्क-१ए उडालं, ही तेजस बनवणारी तिसरी लाईन, ते बघून बरं वाटलं. पुढच्याच महिन्यात दुबईच्या एअर शोमध्ये एक तेजस पडलं, पायलट गेला, आणि व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत चौकशी पूर्ण होऊन निकालपण लागला. असो.

पुढचं काय, तर तेजसच्या पुढच्या आवृत्तीत, मार्क-२ मध्ये, जीईचंच एफ-४१४ इंजिन, ९८ किलोन्यूटनचं, म्हणजे दम वाढेल. स्टेल्थवालं, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, पुढचं स्वदेशी लढाऊ विमान एएमसीए २०२४ मध्ये मंजूर झालंय आणि त्याच्यासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर १२० किलोन्यूटनच्या वर्गातलं इंजिन करायचं ठरलंय, माझा सगळा जीव त्यात अडकलाय. फक्त ते तयार होईपर्यंत पहिल्या एएमसीएंमध्येही एफ-४१४च बसणारे, म्हणजे तोवर परत जीईच्या डिलिव्हरीकडे डोळे लावून बसायचं.