बियाला सोडलेलं शेत

चोपडा तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजला मी इंग्रजी शिकवतो. अकरावीला इडियम्स चालू होते, सगळे पडझडीचे: गो टु द डॉग्ज, गो डाऊनहिल, ऑन इट्स लास्ट लेग्ज, गो टु रॅक अँड रुइन, गो टु सीड. गाइडमध्ये सगळ्यांपुढे एकच अर्थ छापलेला, 'बिघडणे', आणि मीपण इतकी वर्षं तोच फळ्यावर लिहीत आलो.

फेब्रुवारीतली गोष्ट. वाक्यं करून आणायला सांगितली होती, तर एका मुलीच्या वहीत वाक्य, 'आवर फार्म हॅज गॉन टु सीड अँड माय फादर इज व्हेरी हॅपी'. मी लाल पेनने फुली मारली आणि विचारलं, शेताचं वाटोळं झालं तर वडील खुश कसे गं? ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, आमना एकरभर कांदा बियाला सोडेल शे. गोंडे मस्त भरनात. बी म्हंजे सोनं शे ना सर, वाटोळं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर परसातल्या मेथीकडे लक्ष गेलं. महिनाभर खुडलीच नव्हती, पार फुलावर येऊन खाली शेंगा धरल्या होत्या, पानं बारीक आणि चरबट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की ही म्हण बी पिकवणाऱ्याची नाहीच, ही पाला खाणाऱ्याची आहे! झाडाचा सगळा जोर फुलाकडे बियाकडे गेला की पाला कडू होतो, भाजी हातची जाते.

दुसऱ्या दिवशी दोन जुड्या वर्गात नेल्या आणि पानं चावायला दिली. मागच्या बाकावरून लगेच आलं, "सर, जून झाली ही." बस, हाच शब्द पाहिजे होता. मग पोरं थांबेनातच, पडका वाडा मोडकळीला येतो तो रॅक अँड रुइन, धापा टाकणारा जुना ट्रॅक्टर घरघर लागलेला म्हणजे लास्ट लेग्ज, करपा पडल्यावर केळीची बाग हळूहळू खाली येते ते डाऊनहिल. आपण उतरती कळा म्हणतो, त्यात चंद्र आहे आणि त्यांच्या म्हणीत टेकडीचा उतार, उतरणं दोन्हीकडे तेच. एका शब्दात 'बिघडणे' सांगून आपण पोरांचं किती नुकसान करतो हे त्या तासाला मला फार लागलं.

तिच्या वहीतली फुली मी खोडली. वाक्य इंग्रजीत चूकच होतं, म्हणून खाली लिहिलं, 'वी आर ग्रोइंग अनियन्स फॉर सीड'. तिने विचारलं, "मग सर, गॉन टु सीड कोणाला म्हणायचं?"

तिच्या शेजारची म्हणाली, "आमच्या गल्लीत एक पहिलवान होता, तालीम सोडली, पोट सुटलं, अंगाची पार रया गेली. त्याला चालेल?"

म्हटलं, त्यालाच चालेल.