क्वासिर बॅच: ग्रॅव्हिटी हलली एकदाची!

माझ्या मीडची (मधाच्या मद्याची) अकरा दिवस १.०६२ वर ठाण मांडून बसलेली ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबत गेली की उतरते) आज सकाळी १.०५४!! हायड्रोमीटर (ती मोजायची तरंगती नळी) धुऊन परत बुडवला, तरी तेच.

मागच्या अपडेटमध्ये सांगितलंच होतं, सुरुवात १.११० वरून, पहिला आठवडा एअरलॉक (आंबतानाचा गॅस बाहेर सोडणारं बूच) नुसता बडबडत होता आणि मग एकदम मौनव्रत. उबदार कोपऱ्यात सरकवून झालं, ढवळून झालं, नवीन यीस्ट घालून झालं, ढिम्म. आणि मूठभर मनुका टाकल्या की यीस्टचं पोट भरतं हे जे सगळीकडे फिरतं ना, ते कृपा करून विसरा, मूठभरानं काहीही होत नाही. शेवटी पीएच मोजला तर २.९, यीस्टला सोसवेना इतकं आंबट! मधात ग्लुकॉनिक आम्ल आधीच असतं, त्यात आंबताना आणखी आम्ल वाढतं, ते सावरून धरायला मधाकडे जवळपास काही नाही आणि यीस्टला लागणाऱ्या नायट्रोजनच्या नावानं तर ठणठण गोपाळ. (कागदी पट्ट्यांच्या भरवशावर मी इतके दिवस काढले, फेका त्या, मीटर घ्या.)

मग रात्री बॅचच्या नावावरूनच ट्यूब पेटली. क्वासिर, नॉर्स पुराणकथेतला, देवांच्या थुंकीतून जन्मलेला शहाणा. फ्यालार आणि गालार या बुटक्यांनी त्याला मारून रक्त मधात मिसळलं तेव्हा कुठे कवितेचं (पिणाऱ्याला कवी करणारं) मद्य झालं. म्हणजे नुसत्या मधानं भागत नाही हे त्या दोघांना पक्कं ठाऊक! (रक्तातली प्रथिनं यीस्टला थेट खाता येत नाहीत, माहितेय, लगेच तुटून पडू नका.) पण यीस्टला मेलेलं यीस्ट चालतं की. पावाचं यीस्ट दोन चमचे, पाण्यात खळखळ उकळून पार मारलं, गार केलं, ओतलं, सोबत आम्ल मारायला पोटॅशियम बायकार्बोनेट चिमटीचिमटीनं, पीएच ३.५ पर्यंत.

फक्त आधी ढवळून मद्यात विरघळलेला गॅस काढायचा राहिला. पहिल्याच चिमटीला फेस भसकन वर आणि पेलाभर मद्य फरशीवर. त्याच कथेत देवांचा राजा ओडिन गरुड होऊन कवितेचं मद्य पळवत होता, ते ज्याच्याकडे होतं तो राक्षस सुत्तुंग पाठलाग करत आला तेव्हा थोडं मागच्या बाजूनं सांडलं आणि ते फालतू कवींच्या वाट्याला गेलं म्हणतात. माझी फरशी आता यमकं जुळवत असेल.

ग्रॅव्हिटी १.०२० ला आली की बेरी घालणार होतो, पण लिहिता लिहिताच वाटतंय, कवितेच्या मद्याची ओद्रेरिर, सोन, बोद्न अशी तीन भांडी होती ना, मग तीन भाग करू, एक साधा, एक ओक लाकडाच्या तुकड्यांवर, बेरी फक्त बोद्नमध्ये. पण पाच लिटर तीन बरण्यांत म्हणजे वर रिकाम्या जागेत नुसती हवा भरणार, लहान बाटल्या बघाव्या लागतील. परवा परत मोजतो.