ठाणे स्टेशन : वर्षभराचं शेवटचं स्टेशन

पहिली रेल्वे कुठून कुठे धावली असं ठाणेकराला विचारा, ‘बोरीबंदर’ तो घाईत उरकतो आणि ‘ठाणे’ मात्र ठासून म्हणतो. मी पण त्यातलाच. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनची वेळ, १४ डबे, ४०० पाहुणे, साहेब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, सगळं शाळेपासून पाठ. नाना शंकरशेट गाडीत होते, पण गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड नव्हते, ते आदल्याच दिवशी थंड हवेला निघून गेलेले! बायको मात्र आली होती म्हणे, बरं झालं.

पण खरं सांगू का, मला त्या दिवसापेक्षा त्याच्या पुढचं वर्ष जास्त भारी वाटतं. कारण ठाणे हे शेवटचं स्टेशन होतं ते जेमतेम वर्षभर. ही रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी कंपनीला काय ठाण्याचं कौतुक नव्हतं, त्यांना घाटापलीकडचा कापूस बंदरापर्यंत आणायचा होता, ठाणं वाटेत लागलं आणि पुढे खाडी आली. खाडीवर पूल झाला तशी १ मे १८५४ ला गाडी थेट कल्याणला गेली आणि आपण झालो मधलं स्टेशन. १६ एप्रिलला स्टेशनात केक कापतात, १ मे ला कोणी फिरकत पण नाही. माझ्या मते ठाण्याचं आजचं नशीब त्याच दिवशी ठरलं: येणाऱ्या गाडीत जागा नसणार, कारण ती मागून भरून येणार. सकाळी बदलापूरहून आलेल्या फास्टमध्ये सहा नंबर प्लॅटफॉर्मवरून घुसून दाखवा, मग बोलू. म्हणून तर एक नंबरवरून सुटणाऱ्या ठाणे लोकलला एवढा भाव, स्लो असली तरी चालेल पण विंडो सीट!

खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. जुनी लाइन त्याला वळसा घालून कळवा-मुंब्र्याकडून गेली, मग १९१६ मध्ये डोंगरातून सव्वा किलोमीटरच्या वर लांब बोगदा काढला आणि फास्ट गाड्या सरळ जायला लागल्या. आमच्या पिढीला फास्ट लोकल म्हणजे बोगद्यात शिरल्या शिरल्या मोबाइलची रेंज जाणे, दारातल्या पोरांच्या आरोळ्या, असंच माहिती. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन झाली तेव्हापासून फास्ट लोकल मुंब्र्याकडून जातात आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसला राहिला. काही म्हणा, मला त्या आरोळ्यांची आठवण येते.

मग आलं ९ नोव्हेंबर २००४. ठाणे-तुर्भे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल, म्हणजे ठाण्याहून थेट नवी मुंबईला जाणारी गाडी, सुरू झाली. त्याआधी वाशीला जायचं म्हणजे एकतर कुर्ल्याला उतरून हार्बर पकडा नाहीतर बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये उभे राहा, म्हणजे समोर दिसणाऱ्या गावाला जायला अख्खी मुंबई हिंडून यायचं. ट्रान्सहार्बरने काय केलं तर दीडशे वर्षांनी ठाण्याला परत सुरुवातीचं स्टेशन केलं. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या कंपन्यांमध्ये जाणारी जनता डोंबिवली-कल्याणकडून येते, ठाण्याला उतरते, पूल चढते आणि नऊ-दहा नंबरकडे धावते, आणि समोरून नवी मुंबईहून आलेली मंडळी उलटी येतात, पुलावर ही दोन लोंढ्यांची जी गाठ पडते ना, तिथे लाठीवाला पोलीस पण कडेला उभा राहून बघतो फक्त. २०२४ च्या जानेवारीत मधे दिघागाव स्टेशन पण सुरू झालं.

त्याच वर्षी मे संपता संपता पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, आठवतो? ऑफिसवाल्यांनी वर्क फ्रॉम होम काढलं आणि बाकीच्यांनी शिव्या. पण दोन-तीन मीटर जागा वाढली ती जाणवते, आता गाडी आली की पिवळ्या पट्टीवर ढकलाढकली जरा कमी होते. वेस्टला स्टेशनबाहेरचा बसचा सॅटिस पूल पण असाच, बांधताना सगळ्यांनी नावं ठेवली आणि आता बस वरून सुटतात म्हणून खाली गोखले रोडकडे निदान चालता तरी येतं, रिक्षावाले मध्ये आले नाहीत तर.

आता पुढचं म्हणजे ठाणे-मुलुंडच्या मध्ये मेंटल हॉस्पिटलच्या जागेवर नवीन स्टेशन येणार आहे. वागळे इस्टेट आणि घोडबंदरकडचे लोक तिकडे वळले तर जुन्या स्टेशनला श्वास मिळेल. फक्त तिथून सुटणाऱ्या लोकल द्या म्हणजे झालं, नाहीतर कल्याणवरून भरलेली गाडी दोन ठिकाणी थांबवून उपयोग काय?