करडी पँट

२२ जून २०१६, बुडापेस्ट. हीरोज स्क्वेअर दाखवून झाला, अडतीस डोकी मोजून बसमध्ये बसवली आणि जेवायला निघालो. ओक्टोगोनच्या चौकाशी बस थांबली ती थांबलीच. पुढे रस्ता दिसतच नव्हता, नुसती माणसं. ट्रामच्या रुळांवरसुद्धा माणसं.

अशा वेळी टूर मॅनेजरच्या डोक्यात आधी येतात ते ड्रायव्हरचे तास. बसमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतं, तास संपले की बस जिथल्या तिथे. मी घड्याळ बघत होतो. आणि आमचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, चार दिवस कामापुरतंच बोललेला गृहस्थ, रेडिओ ऐकत चक्क रडत होता. हंगेरीनं फ्रान्समधल्या लियाँमध्ये फुटबॉलच्या सामन्यात पोर्तुगालला ३-३ असं रोखलं होतं आणि गटात पहिला नंबर काढला होता. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत त्यांचा संघ १९७२ नंतर पहिल्यांदाच खेळत होता.

"अरे, ही माणसं झोपायच्या पँटीत का आलीत रस्त्यावर?" खिडकीतल्या आजींनी विचारलं.

मग मलाही दिसलं. गर्दीत जागोजागी ढगळ, करड्या ट्रॅकपँट. एका बापाच्या खांद्यावर पोर होतं, त्याच्या अंगात मोठ्या माणसाची पँट, पायाशी चार-चार घड्या घातलेली.

"किराय!" ड्रायव्हर वळून म्हणाला. गाबोर किराय, त्यांचा तेव्हाचा गोलकीपर, वय ४०. किराय म्हणजे राजा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो भरभरून सांगत सुटला. नव्वदीच्या दशकात, सोम्बतहेय गावच्या क्लबात असताना किरायची काळी पँट धुऊन आली नव्हती, म्हणून करडी मिळाली. संघ जिंकायला लागला. मग त्यानं ती सोडलीच नाही, बर्लिनच्या क्लबात नाही की लंडनच्या क्लबात नाही. १९९८ मध्ये व्हिएन्नात देशासाठी पहिल्यांदा उतरला आणि सुरुवातीलाच ऑस्ट्रियाच्या पोल्स्टरची पेनल्टी अडवली.

मागून एका काकांनी विचारलं, "पण आज तीन गोल खाल्लेच ना त्यानं?"

मी ते भाषांतर करून सांगितलं नाही. बुडापेस्ट दाखवताना मी नेहमी त्यांच्या जुन्या महान खेळाडूबद्दल, पुश्काशबद्दल, १९५३ मध्ये लंडनच्या वेम्बलीत त्यांनी इंग्लंडला ६-३ हरवलं त्याबद्दल बोलायचो. ते वैभव या चौकातल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नव्हतं. यांच्या वाट्याला आली ती १९८६ च्या विश्वचषकानंतरची कोरडी वर्षं, आणि त्यातली बरीच वर्षं गोलमध्ये हाच माणूस उभा होता, घरच्या कपड्यात असल्यासारखा. तो त्यांना आपल्यातला वाटतो यात मला काहीच नवल वाटलं नाही.

ड्रायव्हरनं सीटमागचा कप्पा उघडला. आतून त्याची स्वतःची करडी पँट निघाली, गुडघ्यांवर पोक आलेली, नाडी लोंबणारी. ती त्यानं युनिफॉर्मवरूनच चढवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडायची खूण केली. खाली उतरताच अनोळखी पोरांनी त्याला मिठीत घेतलं.

दहाच्या सुमारास रस्ता मोकळा झाला. त्यानं त्याच पँटीत बस हॉटेलपर्यंत आणली. युनिफॉर्मचा नियम मोडला होता. रात्री रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं: ट्रॅफिकमुळे जेवणाला उशीर.