‘सही केली’ म्हणायला लागलेले सात महिने

मी मूळची धारवाडची, घरची भाषा कन्नड. २०१३ मध्ये बँकेने माझी कोल्हापूरला बदली केली तेव्हा हिंदीमुळे देवनागरी वाचता येत होती, पण मराठीत एक धड वाक्य बोलता येत नव्हतं. आज दिवसभर काउंटरवर मी मराठीच बोलते. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे एक कागद. संध्याकाळच्या मराठी वर्गात पहिल्याच दिवशी हातात दिलेला काळांचा तक्ता. त्या कागदाने माझे सात महिने घेतले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

वर्तमानकाळ दोन आठवड्यांत बसला. मी जाते, तू जातेस, ती जाते, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. बाई बोलतेय की पुरुष, एवढंच सांभाळायचं. भविष्यकाळ तर त्याहून सोपा, कारण त्यात स्त्री-पुरुष हा भेदच नाही. मी जाईन हे मीही म्हणते आणि माझा नवराही म्हणतो. नकार मात्र वेगळा पाठ करावा लागतो, कारण ‘जाईन नाही’ असं कोणी बोलत नाही. ‘जाणार नाही’ म्हणतात.

मग भूतकाळ आला.

तक्त्यात भूतकाळासाठी एकच क्रियापद होतं, बसणे. मी बसलो (बाई असेल तर बसले), तू बसलास किंवा बसलीस, तो बसला, ती बसली, ते बसले. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘याप्रमाणे इतर क्रियापदे चालवावीत.’ मी आज्ञाधारकपणे चालवली. करणे घेतलं आणि म्हणायला लागले, ‘मी सही केले.’ भरणे घेतलं, ‘मी फॉर्म भरले.’ मोजणे घेतलं, ‘मी पैसे मोजले.’

यातलं तिसरं वाक्य बरोबर आहे, आणि खरा घात तिथेच झाला. पैसे हा शब्द पुल्लिंगी अनेकवचनी, त्याचं क्रियापदही ‘ले’वरच येतं. मी त्या तक्त्याच्या हिशेबाने चुकीच्या वाटेने गेले आणि योगायोगाने बरोबर ठिकाणी पोचले. बँकेत दिवसाला शंभर वेळा पैसे मोजले, पैसे दिले, पैसे भरले असंच बोलायचं असतं. त्यामुळे माझी अर्धी वाक्यं बरोबर यायची, अर्धी चुकायची, आणि कुठली का चुकतात याचा पत्ता लागायचा नाही. सगळीच चुकली असती तर महिन्याभरात मीच तो तक्ता बाजूला ठेवला असता.

ग्राहक काही बोलायचे नाहीत. काम झालं की जायचे. वर्गात विचारलं तर सर म्हणाले, ‘सवयीने येईल. कानाला बरं वाटतं ते म्हणायचं.’ ज्याने लहानपणापासून मराठी ऐकलीय त्याच्या कानाला बरंवाईट वाटतं. माझ्या कानाला ‘केले’ आणि ‘केली’ दोन्ही सारखेच गोड लागत होते. पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले की हा कर्मणी प्रयोग आहे, तो पुढच्या पातळीला घेतला जाईल. पुढच्या पातळीला! अहो, मला उद्या सकाळी दहा वाजता सही करायची होती आणि ती केली हे समोरच्याला सांगायचं होतं.

तिढा सोडवला तो आमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी. एका दुपारी कर्जाच्या कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात देत मी म्हटलं, ‘मामा, सगळीकडे सही केले.’ त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि अगदी सावकाश म्हणाले, ‘मॅडम, सही ती हाय. ती केली. तुमी कोन हाय त्येचा काय संबंध न्हाई.’

तुमचा काही संबंध नाही. सात महिन्यांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. वर्तमानकाळात क्रियापद माझ्याकडे बघतं. मी बाई म्हणून ‘करते’, नवरा पुरुष म्हणून ‘करतो’. भूतकाळात वस्तू आली की तेच क्रियापद माझ्याकडे पाठ फिरवतं आणि त्या वस्तूकडे बघतं. मी चेक दिला, कारण चेक तो. मी सही केली, कारण सही ती. मी खातं उघडलं, कारण खातं ते. मी नोटा मोजल्या, कारण त्या नोटा. माझ्या जागी नवरा असला तरी वाक्यात अक्षराचाही फरक पडत नाही. बसणे, येणे, जाणे यांच्यासोबत अशी वस्तूच नसते, म्हणून ती क्रियापदं बिचारी माझ्याशीच राहतात. तक्ता करणाऱ्याने नेमकं असं क्रियापद निवडलं, ज्यात ही अडचण कधी येतच नाही.

कन्नड माणसाला हे का सुचत नाही तेही सांगते. सही हा शब्द आमच्याकडेही तोच. नानु सही माडिदे, मी सही केली. अवनु माडिदनु, त्याने केली. अवळु माडिदळु, तिने केली. क्रियापद शेवटपर्यंत करणाऱ्याला धरून असतं. शिवाय आमच्याकडे निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. सही ती आणि चेक तो, हा विचारच आयुष्यात केलेला नसतो. माझ्यासोबत वर्गात बिहारचा एक मुलगा होता, त्याला हे पटकन जमलं, कारण हिंदीतही सही ‘की’ जाते आणि चेक ‘दिया’ जातो. त्याची अडचण वेगळी होती. तो ‘मैंने’च्या सवयीने ‘मीने’ म्हणायचा. मराठीत त्याने, तिने, त्यांनी म्हणतात, पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ लागत नाही. नुसतं ‘मी सही केली’.

नियम कळला आणि मी लगेच दुसऱ्या टोकाला गेले. वर्गात उभं राहून म्हटलं, ‘मी मराठी शिकली.’ मराठी ती, म्हणून शिकली. तर ते चूक निघालं! काही क्रियापदं वस्तू असूनही करणाऱ्यालाच धरून राहतात. मी मराठी शिकले, मी नाव विसरले, मी पाणी प्यायले, मी साडी नेसले, मी खरं बोलले. ही मोजकी आहेत, एका पानावर मावतात, पाठच करायची. म्हणणे तर दोन्हीकडे चालतं. मी म्हणाले आणि मी म्हटलं, अर्थ तोच. पहिलं माझ्याकडे बघतं, दुसरं बघत नाही.

आणि ‘ला’ आला की सुटका. मी त्यांना विचारलं, मी साहेबांना सांगितलं, मी मुलीला बोलावलं. ज्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला त्याच्याकडे क्रियापद बघत नाही, माझ्याकडेही बघत नाही, आणि वाक्यात दुसरी वस्तू नसेल तर आपलं ‘लं’वर थांबतं. कोणाचं लिंग आठवायचं काम नाही. घाईच्या वेळी मी मुद्दाम अशी वाक्यं करायचे.

हे असं का, ते कळलं पुढच्या वर्षी, आणि तेही कर्नाटकात. आत्याच्या मुलांना घेऊन श्रवणबेळगोळला गेलो होतो. लहानपणी तिथे कितीतरी वेळा गेलेली आहे. गोमटेश्वराच्या पायाशी दोन्ही बाजूंना कोरलेल्या ओळी आहेत, त्या तेव्हा कधी नीट पाहिल्या नव्हत्या. मूर्ती कोणी करवली ते कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि मराठीत लिहिलेलं आहे. कन्नड ओळ अशी: ‘श्रीचावुंडराजं माडिसिदं’. आणि मराठी: ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. जुन्या मराठी शिलालेखांबद्दल बोलणं निघालं की ही ओळ हमखास येते.

मी तिथे उन्हात दगडावर अनवाणी उभी राहिले आणि दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. कन्नड ओळीत चावुंडराय, म्हणजे ओळीतला चावुंडराज, मूर्ती करवणारा सेनापती, कर्ता म्हणून सरळ उभा आहे आणि ‘माडिसिदं’ हे क्रियापद त्याच्या पुरुषपणाला धरून आलेलं आहे. मराठी ओळीत त्याला ‘एं’ लागलाय, म्हणजे आजच्या मराठीत ‘चावुंडराजाने’. आणि क्रियापद? ‘करवियलें’. नपुंसकलिंगी. एवढा मोठा सेनापती, पण मराठी क्रियापदाने त्याच्याकडे पाहिलेलं नाही, त्याने जे करवलं त्याच्याकडे पाहिलंय. माझ्या दोन्ही भाषा एकाच दगडावर, आणि मला छळणारा फरक त्यांच्यात इतका स्पष्ट कोरलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे मी घरी कोणाला सांगितलं नाही.

मग शाळेतलं संस्कृत आठवलं. मया पत्रं लिखितम्, मया पत्रिका लिखिता. माझ्याकडून पत्र लिहिलं गेलं, माझ्याकडून पत्रिका लिहिली गेली. मराठीतला भूतकाळ याच घडणीतून आलाय, आणि त्याचा ‘ल’ प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययाचा. म्हणजे ‘मी सही केली’ याच्या पोटात ‘माझ्याकडून सही केली गेली’ असं दडलेलं आहे. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांना पहिल्याच दिवशी एवढं सांगितलं तरी पुरे.

आता कोणी विचारलं तर मी काय सांगते? शब्दाचं लिंग वेगळं पाठ करू नका. शब्द भूतकाळासकट पाठ करा. ‘रक्कम, स्त्रीलिंगी’ असं लिहून मला कधी आठवलं नाही, ‘रक्कम काढली’ असं लिहिलं की पक्कं बसलं. माझी एक दोनशे पानी वही भरली अशी. स्लिप भरली, पासबुक भरलं, शिक्का मारला, कागदपत्रं दिली, ओटीपी आला. आकारान्त शब्द बहुतेक ‘तो’ असतात (दाखला, शिक्का), ईकारान्त बहुतेक ‘ती’ (सही, वही), आणि शेवटी अनुस्वार असलेले ‘ते’ (खातं, नाणं). पण पाणी ते आणि मोती तो, म्हणून ‘बहुतेक’ म्हटलं. चेक, रक्कम, घर अशा शब्दांना काही खूण नाही, ते ऐकूनच घ्यावे लागतात. आणि ‘ली’ दिसली की लगेच स्त्रीलिंग समजू नका, कारण ‘दोन केळी खाल्ली’ यातली केळी नपुंसक अनेकवचन आहे.

ज्यांचं रूपच बदलतं ती क्रियापदंही सुरुवातीलाच उरकून टाका. कर-केलं, दे-दिलं, घे-घेतलं, ये-आलं, जा-गेलं, हो-झालं, खा-खाल्लं, सांग-सांगितलं, माग-मागितलं, धू-धुतलं. मी ती बसमध्ये उभ्या उभ्या पुटपुटायचे. ‘तू’ असेल तर शेवटी ‘स’ जोडायचा, तोही वस्तूचं रूप झाल्यावर: तू चेक दिलास, तू सही केलीस, तू खातं उघडलंस.

एक राहिलंच. कोल्हापुरात बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मी आधी समजायचे की मलाच नीट ऐकू येत नाही. तसं काही नाही, इथे ती रीत आहे आणि ऐकायला फार आपुलकीची वाटते. शेजारच्या काकूंशी बोलताना मीही ‘येतो हं’ म्हणते, लिहिताना ‘येते’. आणि कोणी अजून स्वयंपाकघरात असतानाच ‘आले, आले’ म्हणालं, तर ती खरंच आली असं धरू नका. येतेय, एवढाच त्याचा अर्थ. असा भूतकाळ कुठल्याच तक्त्यात नसतो.

मागच्या महिन्यात हैदराबादहून एक मुलगी बदलून आली. तेलुगू बोलते, म्हणजे अडचण माझ्यासारखीच. त्याच वर्गाला जाते. डबा खाताना तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि विचारलं, ‘मॅडम, यात सही कुठे बसते?’ बघते तर तोच तक्ता. इतक्या वर्षांनीही बसणे, आणि खाली तेच ठळक ‘याप्रमाणे इतर क्रियापदे चालवावीत’. मी ती ओळ पेनाने खोडली आणि खाली लिहून दिलं:

मी चेक दिला.
मी सही केली.
मी खातं उघडलं.