लांबच्या गावांचा आठवडा

यरुशलेममधल्या यहुद्यांच्या प्राचीन मंदिराचा विषय निघाला की लोक हेरोद राजाच्या बांधकामावर, तिथल्या सोन्यावर आणि प्रचंड दगडांवर बोलत राहतात. मला ओढ आहे ती मंदिरापासून लांब राहणाऱ्या माणसांची. उत्तरेकडच्या गालील प्रांतातल्या एखाद्या शेतकऱ्याला दर महिन्याला तिथं जाणं कुठून जमणार? पण मंदिरात रोज सकाळी एक आणि तिसऱ्या प्रहरी एक अशी जी दोन कोकरं अर्पण होत, ती त्याच्याही नावानं होत. मंदिरासाठी दरवर्षी भरायचा त्याचा अर्धा शेकेल, म्हणजे चांदीचं नाणं, त्यात असे. मग मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, तआनीत म्हणजे उपासांवरच्या प्रकरणात, एक प्रश्न येतो: माणसाचं अर्पण चाललंय आणि तो स्वतः तिथं उभा नाही, हे कसं चालेल?

या प्रश्नावर यहुद्यांनी जी व्यवस्था बसवली, ती मला फार मोठी वाटते. याजकांचे २४ गट होते, प्रत्येकाकडे एकेक आठवडा. गटाबरोबर सामान्य इस्राएलींचीही एक तुकडी जोडलेली असे, तिला मआमाद म्हणत. काही जण सगळ्यांच्या वतीनं अर्पणापाशी उभे राहत. बाकीचे आपापल्या गावात एकत्र जमत आणि बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय, जगाच्या निर्मितीचा, वाचत. रविवारी उजेड आणि अंतराळ, सोमवारी अंतराळ आणि कोरडी जमीन, असं दिवसागणिक पुढे.

सोमवार ते गुरुवार त्यांचा उपास. शुक्रवारी नाही, कारण शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा मान. रविवारीही नाही, कारण विश्रांतीच्या आनंदातून उठून एकदम कष्टात आणि उपाशीपणात कुणाला ढकलायचं नाही. ही माया मला त्या नियमांत सगळीकडे दिसते. हे उपास कशासाठी, तेही तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, आहे. सोमवारी समुद्रात गेलेल्यांसाठी. मंगळवारी वाळवंटातून प्रवास करणाऱ्यांसाठी. बुधवारी, लहान मुलांना घशाचा जीवघेणा आजार होऊ नये म्हणून. गुरुवारी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी. मंदिर कितीतरी कोस लांब, आणि इथं गावात कुणीतरी दुसऱ्याच्या तान्ह्यासाठी उपाशी बसलंय. मला तर ही वेदीवरच्या सेवेइतकीच खरी सेवा वाटते.

हंगामातली पहिली फळं मंदिरात वाहायच्या वेळी मात्र माणसं स्वतः निघत. आसपासच्या गावांतले लोक मआमादच्या मुख्य गावी येत आणि रात्री कुणाच्या घरात न शिरता चौकातच झोपत. पहाटे हाक: उठा, सियोनला, म्हणजे यरुशलेमला, चढून जाऊ. पुढे शिंगांना सोनं मढवलेला बैल, बासरीचे सूर. जवळचे ताजी अंजिरं नेत, लांबचे सुकी अंजिरं आणि मनुका. यरुशलेमचे कारागीर हातातलं काम थांबवून उभे राहत आणि गावाचं नाव घेऊन त्यांचं स्वागत करत.

वेदीसाठी लाकडं आणायचेही घराण्यांचे दिवस ठरलेले होते. यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या १५ तारखेला जत्तूच्या घराण्याबरोबर याजक, मंदिरात त्यांना मदत करणारे लेवी आणि ज्यांना आपला वंश नक्की ठाऊक नाही असे सगळे लाकडं आणत. मिश्नात हे स्पष्ट लिहिलंय.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. आमच्यात कोहेन, म्हणजे याजकांची, घराणी नव्हती, वंशावळीच्या वह्या नव्हत्या. कोकणातल्या गावांत तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत आमची माणसं पिढ्यानपिढ्या टिकली आणि गावांच्या नावांवरून पेणकर, रेवदंडेकर झाली. पुढे १९६०च्या दशकात इस्राएलमध्ये लग्नांच्या निमित्तानं आमच्या वंशावर शंका घेतल्या गेल्या आणि आमच्या लोकांना त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. १५ आवची ती ओळ तेव्हा आमच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं वाचायला हवी होती.